अस्थानी गर्भ : पोटातील कळ आणि चुकलेली तारीख

स्त्रियांच्या आजारांविषयी आपल्या घरांतून जे काही बोलले जाते, ते बहुधा आडपडद्यानेच बोलले जाते. पाळी आली म्हणावयाचे नाही, ‘कावळा शिवला’ म्हणावयाचे. गर्भ राहिला म्हणावयाचे नाही, ‘दिवस गेले’ म्हणावयाचे. भाषेचा हा संकोच एरवी गोडही वाटेल. परंतु एक दुखणे असे आहे की ज्यात तो जिवावर बेततो. त्या दुखण्याचे नाव अस्थानी गर्भधारणा. गर्भाने गर्भाशयात न रुजता भलत्याच जागी रुजणे, असा त्याचा अर्थ. न्यासाच्या या स्मरणिकेत कार्याचे अहवाल आणि देणगीदारांच्या याद्या येतीलच; पण स्मरणिका घरात वर्षानुवर्षे राहते व घरातील सर्व माणसे ती चाळतात, म्हणून हा पाठ येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. तो केवळ भगिनींसाठी नाही. नवरे, सासवा, दीर आणि कॉलेजात जाणारी मुले यांनीही तो वाचावा. कारण ज्या वेळी निर्णय करावयाचा असतो, त्या वेळी रोगी स्त्री पुष्कळदा बोलण्याच्याही स्थितीत नसते.

बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे दुःख या शहराला ठाऊक आहे. सातव्या निजामांच्या स्नुषा राजकन्या नीलोफर यांची रफत नावाची दासी बाळंतपणात वारली, त्याचा चटका त्यांच्या मनाला लागला आणि स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय व्हावे असा ध्यास त्यांनी घेतला. रेड हिल्स भागातील नीलोफर रुग्णालय १९५३ साली निघाले ते त्यातून. परंतु अस्थानी गर्भाने येणारा मृत्यू बाळंतपणातला म्हणून घरच्यांच्या मनात येतच नाही. डोहाळे लागलेले नसतात, ओटी भरलेली नसते, कित्येकदा त्या बाईलाही दिवस गेल्याचे कळलेले नसते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईचा जीव घेणाऱ्या कारणांत हे कारण अग्रस्थानी आहे आणि शंभर गर्भधारणांत एक ते दोन या प्रमाणात ते आढळते. म्हणजे एखाद्या मोठ्या गोतावळ्यात ते केव्हा ना केव्हा येऊन गेलेले असणारच. फक्त ‘अचानक पोटात दुखले आणि गेली’ एवढीच त्याची आठवण उरलेली असते.

आता शरीराची रचना पाहू. गर्भाशयाच्या दोन्ही अंगांस एकेक नलिका असते. तिला बीजवाहिनी म्हणतात. तिची लांबी दहा-बारा सेंटिमीटर. गर्भाशयाजवळच्या भागात आतील पोकळी मात्र एक-दोन मिलिमीटरच. बीजकोशातून सुटलेले बीज या नलिकेच्या झालरीसारख्या तोंडातून आत येते आणि तेथेच त्याचा पुरुषबीजाशी संयोग होतो. फलित झालेल्या बीजाला स्वतःची गती नाही. नलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते आणि नलिकेचे स्नायू त्यास हलकेच पुढे सारतात आणि चार-पाच दिवसांत ते गर्भाशयात पोचते. ही वाट जर कोठे सुजली, चिकटली किंवा तेथील केस झडले, तर बीज वाटेतच अडकते आणि अडकले तेथेच मूळ धरते. शंभरातील पंचाण्णवांहून अधिक अस्थानी गर्भ या नलिकेतच असतात. क्वचित ते बीजकोशावर, गर्भाशयाच्या मुखाशी, पोटाच्या पोकळीत किंवा मागील सिझेरियनच्या व्रणात रुजतात. या शेवटच्या प्रकाराचा उल्लेख मुद्दाम केला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील निम्म्याहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले. तेव्हा जुना व्रण असलेल्या स्त्रिया आपल्याकडे थोड्या नाहीत.

गर्भाशय ताणले जाते, वाढते. तो त्याचा धर्मच आहे. नलिकेला तसे ताणता येत नाही. गर्भ वाढू लागला की तिची भिंत पातळ होते, झिरपू लागते आणि शेवटी फुटते. तेथील रक्तवाहिनी उघडी पडते व रक्त पोटाच्या पोकळीत साठू लागते. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. बाहेर, कपड्यावर दिसते ते रक्त थोडे असते. आत साठते ते पुष्कळ असते. ‘फारसे अंगावरून जात नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही’ हे जे आपण समजतो, ते या दुखण्यात उलटे ठरते.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास बहुधा त्रास सुरू होतो. तीन खुणा मुख्य : पाळी चुकणे, ओटीपोटात दुखणे आणि अंगावरून थोडे थोडे रक्त जाणे. ऐकावयास हे सोपे वाटते. पण तिन्ही एकदम, स्पष्टपणे, ओळीने समोर येतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. यातील प्रत्येक खूण दुसऱ्याच कशाचे तरी सोंग घेऊन येते.

पाळीचेच पाहा. या स्त्रियांपैकी कित्येकींना ‘पाळी चुकली’ असे वाटतच नाही, कारण ठरल्या तारखेच्या आसपास किंवा थोडे उशिरा त्यांच्या अंगावर जातेच. मात्र ते नेहमीसारखे नसते. कमी असते, काळपट-तपकिरी असते, दोन दिवस दिसते, थांबते, पुन्हा दिसते. बाई म्हणते, ‘या खेपेस पाळी जरा विचित्रच आली.’ आमच्या मते या एका वाक्याला घरात फार मान मिळाला पाहिजे. विचित्र आलेली पाळी ही पाळी नसूही शकते.

दुखणे बहुधा ओटीपोटाच्या एका बाजूस सुरू होते. कधी ती बारीक कळ असते, कधी सुरी खुपसल्यासारखी तिडीक. उजवीकडे असेल तर अपेंडिक्स म्हणतात, डावीकडे असेल तर मूतखडा म्हणतात. उन्हाळ्यात तर मूतखड्याचा संशय सहज पटतो. लघवीची जळजळ, जुलाब, अपचन, सगळी नावे घेऊन होतात. ओवा-हिंग दिले जाते, गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते, बेंबी सरकली म्हणून कोणी पोट चोळूनही देते. हे पोट चोळणे अत्यंत घातक आहे, हे येथे स्पष्टच सांगतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळीने कळ थोडी दबते आणि त्या अवधीत नलिका फुटते, असाही प्रकार घडतो.

आणखी दोन खुणा अशा आहेत की ज्यांचा पोटाशी संबंध असेल असे सामान्य माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. पहिली, खांद्याच्या टोकाशी दुखणे. पोटात साठलेले रक्त छाती व पोट यांमधील पडद्याला जाऊन भिडते. त्या पडद्याची जाणीव वाहून नेणारी नस मानेतून निघते आणि खांद्याची जाणीवही मानेच्या त्याच भागात पोचते; म्हणून मेंदूची फसगत होते व दुखणे पोटात असून खांद्यात वाटते. आडवे झाल्यावर ते वाढते. आपल्याकडे यास उसण भरली म्हणतात, वायू धरला म्हणतात, आणि बाम चोळून बाईला निजवतात. खांदा हलवला, दाबला, तरी दुखण्यात फरक पडत नसेल आणि जोडीला पोटाची तक्रार असेल, तर ते खांद्याचे दुखणे नव्हे असे समजावे. दुसरी खूण म्हणजे परसाकडे लागल्याची सतत भावना, गुदद्वारावर दाब वाटणे आणि शौचास बसल्यावर कळ येणे. रक्त ओटीपोटाच्या तळाशी साठल्यामुळे असे होते. कित्येक स्त्रियांना घेरी येते ती न्हाणीघरात किंवा शौचकूपातच, ते यामुळे.

घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, ओठ पांढरे पडणे, नाडी भरभर चालणे, ही रक्त फार गेल्याची लक्षणे. येथेही आपली फसवणूक व्हावयास पुरेशी कारणे घरात हजर असतात. नवरात्राचे उपास असतात, हरतालिकेचा निर्जळी दिवस असतो, चैत्र-वैशाखातले ऊन असते. ‘उपाशीपोटी चक्कर आली’ हे वाक्य इतके स्वाभाविक आहे की त्याच्यापलीकडे कोणी जात नाही. शिवाय तरुण आणि एरवी निरोगी बाईचे शरीर रक्तदाब बराच वेळ सांभाळून धरते. दाब मोजला तर ठीक निघतो आणि मग एकाएकी कोसळतो. वर उल्लेखिलेल्या पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. ज्यांच्याजवळ मुळात शिल्लक थोडी, त्यांना हा खर्च सोसवत नाही.

कोणास हा धोका अधिक? पूर्वी एकदा असा गर्भ राहिलेल्या, ओटीपोटाची सूज किंवा जननेंद्रियांचा क्षय होऊन गेलेल्या, नलिकेवर शस्त्रक्रिया झालेल्या, धूम्रपान करणाऱ्या आणि पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तो अधिक असतो, असे ग्रंथांत सांगतात. ते खरे आहे. परंतु जवळजवळ निम्म्या स्त्रियांत यांपैकी कोणतेही कारण सापडत नाही. म्हणून ‘आपल्याला काही तसे झालेले नाही’ असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. तीन गोष्टी मात्र आपल्या भागात विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

त्यांतील पहिली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची. तेलंगण आणि आंध्र या दोन्ही राज्यांत निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि ती पुष्कळदा लहान वयातच झालेली असते. शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहणे दुर्मीळ. पण राहिलाच, तर तो अस्थानी असण्याचा संभव फार मोठा, सुमारे तिघींत एक इतका. शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाली तरी हा संभव संपत नाही. आणि नेमक्या याच बाईच्या बाबतीत घरचे काय, कधी कधी डॉक्टरही ‘ऑपरेशन झाले आहे ना, मग गर्भाचा प्रश्नच नाही’ असे म्हणून पुढे जातात. तांबी बसविलेल्या स्त्रीचीही गोष्ट काहीशी अशीच. तांबीने गर्भ राहण्याचा संभव पुष्कळ कमी होतो, पण ती असूनही राहिला तर तो कोठे आहे हे पाहिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट गर्भपाताच्या गोळ्यांची. कायद्याने या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या आहेत, तरी नवरा परस्पर दुकानातून आणतो आणि बाई गुपचूप घेते. या गोळ्या गर्भाशयातील गर्भावर काम करतात. नलिकेतील गर्भाला त्या पाडू शकत नाहीत. गोळ्यांनंतर रक्त गेले म्हणजे काम झाले असे दोघेही समजतात, आणि पुढे होणारी पोटदुखी गोळ्यांच्या खात्यावर जमा होते. यापेक्षा अधिक फसवी परिस्थिती आम्हांस माहीत नाही. गोळ्या घेण्यापूर्वी सोनोग्राफी करून गर्भाची जागा पाहून घेणे आवश्यक आहे, ते एवढ्यासाठीच.

तिसरी गोष्ट वंध्यत्वावरील उपचारांची. हैदराबादेत अशी केंद्रे आज पुष्कळ आहेत आणि दूरदूरहून, मराठवाड्यातूनही, जोडपी येथे येतात. प्रयोगशाळेत फलित केलेला गर्भ थेट गर्भाशयात सोडला तरी तो मागे सरकून नलिकेत रुजू शकतो. या शास्त्राच्या आरंभीच, १९७६ साली, स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी जाहीर केलेली गर्भधारणा अस्थानीच निघाली होती. लुईस ब्राउनचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली आनंदाची बातमी मोडू नये म्हणून बाई दुखणे सोसत राहते. तिने तसे सोसू नये.

मग करावयाचे काय? साधारण चौदा ते पन्नास वयाच्या कोणाही स्त्रीच्या ओटीपोटात नवे दुखणे सुरू झाले, तर पोटात काय खाल्ले हे विचारण्याबरोबरच शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली आणि ती नेहमीसारखी होती काय, हेही विचारावे. दुखणे सासूला सांगितलेले असते, तारीख जावेला ठाऊक असते, गोळीची गोष्ट केवळ नवऱ्याला. आणि डॉक्टरांपुढे यांतील एकच कोणीतरी उभे असते. हे तीन तुकडे एकत्र आले की बहुतेक निदान झालेच. मुलगी अविवाहित असली तर हा प्रश्न तिला एकटीला, आईबापांना बाहेर बसवून विचारावा आणि डॉक्टरांनाही तसे विचारू द्यावे. येथे घराण्याच्या प्रतिष्ठेचा विचार मध्ये आणणाऱ्यांशी आमचे जमणार नाही.

पाळी चुकली असेल किंवा विचित्र आली असेल तर लघवीची गर्भचाचणी करावी. तिची पट्टी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. चाचणीने गर्भ आहे एवढे कळते, तो कोठे आहे हे कळत नाही. म्हणून चाचणी होकारार्थी आणि पोटात दुखते आहे किंवा रक्त दिसते आहे, असे असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. आतून केलेली सोनोग्राफी लवकर उलगडा करते. गर्भाशय रिकामे दिसले आणि काही निश्चित सांगता आले नाही, तर रक्तातील गर्भसंप्रेरक मोजून अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा मोजतात. सुदृढ गर्भात ते झपाट्याने वाढते, अस्थानी गर्भात बहुधा रेंगाळते. या दोन दिवसांत बाईने एकटे राहू नये आणि मराठवाड्याच्या रात्रीच्या गाडीने माहेरी जावयास तर मुळीच निघू नये. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये असताना नलिका फुटली तर मदत कोठून येणार?

घेरी, खांद्याचे दुखणे, थंड घाम यांपैकी काही असेल तर चाचणीच्या पट्टीचीही वाट पाहू नये. १०८ या क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिकेची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आपल्या हैदराबादेतूनच सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातही त्याच क्रमांकाने मिळू लागली. रात्री शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त ही तिन्ही जेथे मिळतील अशाच रुग्णालयात न्यावे. सुलतान बाजार व पेटलाबुर्ज येथे सरकारी प्रसूती रुग्णालये आहेत. गल्लीतील लहान दवाखाना ओळखीचा म्हणून तेथे तासभर घालवू नये. बाईला आडवे निजवावे, पाय किंचित उंच ठेवावेत आणि जाताना प्रेमाने चहा पाजू नये. भूल द्यावयाची झाली तर पोट रिकामे असलेले बरे. रक्तगट लिहिलेला कागद आणि रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे बरोबर असावीत.

मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी कोणती भाषा कानी पडेल हे सांगता येत नाही. नव्याने महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या मुलीला दखनी थोडी समजते, तेलुगु तर नाहीच. तिच्यासाठी चार शब्द येथे देतो. पोटदुखीला तेलुगुत ‘कडुपु नोप्पि’ म्हणतात, खांदेदुखीला ‘भुजं नोप्पि’, चक्कर येत असल्यास ‘कळ्ळु तिरुगुतुन्नायि’, म्हणजे डोळे फिरताहेत. आणि पाळी चुकली म्हणावयाचे तर ‘नेल तप्पिंदि’, शब्दशः महिना चुकला. दखनीत ‘महिना चढ गया’ म्हटले की कोणत्याही आयाबाईला कळते. पहिल्या वाक्यातच ‘कडुपु नोप्पि’ आणि ‘नेल तप्पिंदि’ ही दोन्ही एकत्र म्हणावीत. नुसत्या पोटदुखीला रांगेत उभे राहावे लागते.

उपचारांचा इतिहासही थोडक्यात सांगण्याजोगा आहे. अरब शल्यवैद्य अल्-झहरावी यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अशा गर्भाचे वर्णन केले. पण त्यानंतरची कित्येक शतके वैद्यांच्या हाती पाहत राहण्यापलीकडे काही नव्हते. बर्मिंगहॅमचे शल्यवैद्य लॉसन टेट यांनी १८८३ साली पोट उघडून फुटलेली नलिका बांधली आणि रोगी वाचविला. त्यापूर्वी अशाच एका रुग्णेवर शस्त्र चालविण्यास ते धजले नव्हते व ती दगावली होती. पोट उघडावयाचे तर भूल निर्धोक हवी. त्या काळात क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेसंबंधी जे दोन आयोग १८८८ व १८८९ साली गाजले, ते आपल्या हैदराबादचे. आणि जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच शहरात शिकल्या व येथील रुग्णालयांत त्यांनी भूल देण्याचे काम केले.

आज पुष्कळ शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होतात. गर्भ लवकर सापडला, नलिका फुटलेली नसली आणि संप्रेरकाचे प्रमाण कमी असले तर शस्त्राशिवायही भागते. मेथोट्रेक्सेट नावाच्या औषधाचे इंजेक्शन देतात. हे औषध १९४० च्या दशकात कर्करोगासाठी अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि त्या संशोधनाचे सूत्रधार होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ साली आंध्रात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव येथील शाळांतील मुलांनाही क्वचितच ठाऊक असते, याचे आम्हांस वाईट वाटते. अस्थानी गर्भासाठी त्याचा उपयोग १९८२ पासून होऊ लागला. इंजेक्शन घेतले म्हणजे सुटका झाली असे मात्र नाही. संप्रेरक शून्यावर येईपर्यंत रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते, त्या काळात नलिका फुटू शकते, फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि पुढे निदान तीन महिने गर्भ राहू द्यावयाचा नसतो. नलिकेतील गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही काय, असे अनेक माता विचारतात. येत नाही. तो गर्भ जगणारा नव्हता, आणि बाईने जिना चढल्याने, पपई खाल्ल्याने किंवा ग्रहणात बाहेर गेल्याने तो तेथे अडकला नाही. हे घरातील वडीलधाऱ्यांनी तिला स्वतःहून सांगावे. तिचे मूल गेले आहे, आणि जीव वाचल्याच्या गडबडीत तिला रडावयासही कोणी वेळ दिलेला नसतो.

तिचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते काय, हे घरी येण्यापूर्वी विचारून घ्यावे. रुग्णालयाचा कागद जपून ठेवावा. कोणत्या बाजूची नलिका, काढली की ठेवली, हे त्यावर लिहिलेले असते. एक नलिका गेली तरी दुसरीमुळे मूल होते, बहुतेकींना होते. मात्र दहांतील सुमारे एकीस पुन्हा असाच गर्भ राहतो. म्हणून पुढच्या खेपेस पाळी चुकताच चाचणी करावी आणि सहाव्या आठवड्यात तो कागद घेऊन सोनोग्राफीस जावे, दुखत नसले तरी.